पवनेचे पाणी : ऋतू, तापमान आणि पोहणे

पवना जलाशयाच्या वरच्या थरातले पाणी वर्षभरात साधारण २० ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. जानेवारीतल्या पहाटे ते सर्वांत गार असते, तर एप्रिलअखेरीस आणि मे महिन्यात सर्वांत कोमट. हा दहा अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटला, तरी पोहणाऱ्याच्या अंगाला तो चांगलाच जाणवतो. मात्र त्याच वर्षात पाण्याची पातळी कित्येक मीटरने वरखाली होते आणि पोहण्याच्या दृष्टीने हा बदल तापमानापेक्षाही मोठा आहे. पाणी किती गार आहे हे पाहण्याआधी त्या दिवशी काठ कुठे आहे आणि काठाखाली काय आहे, हे पाहावे लागते.

पवना धरण पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात आहे. ते १९७२ साली पूर्ण झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचा हा जलाशय लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या कुशीत पसरला आहे. त्याची साठवण ८.५१ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उपसून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते, म्हणून पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत पातळी रोज थोडी थोडी उतरत राहते. पोहण्याच्या तलावात खोलीचा आकडा भिंतीवर रंगवलेला असतो आणि तो वर्षभर खरा असतो. इथे गेल्या महिन्यात पाहून ठेवलेली जागा या महिन्यात तशीच असेल याची खात्री नसते.

हे पिण्याच्या पाण्याचे धरण आहे. भिंत, सांडवा आणि विमोचक (पाणी सोडण्याचे दार) यांच्या परिसरात पाण्यात उतरण्यास मनाई असते, काठावरही अनेक ठिकाणी तसे फलक आहेत, आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढते. त्यामुळे कुठल्याही ऋतूत पहिली चौकशी परवानगीची करावी. जिथे फलक आहे तिथे उतरू नये. अनेक फलक त्या जागी काहीतरी घडून गेल्यावरच लागलेले असतात.

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तितक्याच वजनाचे कोरडे दगड चार-पाच अंशांनी तापतात. मार्चमध्ये दुपारची हवा पस्तिशी गाठते तेव्हा पवनेचे पाणी जेमतेम पंचविशीच्या पुढे गेलेले असते. डिसेंबरात पहाटेची हवा दहा-बारा अंशांवर उतरली, तरी पाणी वीस-बाविसाच्या खाली येत नाही. हवेच्या मागे पाणी काही आठवडे रेंगाळते. अंगावरचे कपडे पाहून पाण्याचा अंदाज बांधणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

वरचे पाणी तापू लागले की जलाशयात थर पडतात. कोमट पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते आणि गार पाणी जड असल्यामुळे तळाशी बसून राहते. थंड देशांतल्या तलावांतही हे घडते, पण उष्ण प्रदेशात त्याची एक खासियत आहे. पाणी जसजसे कोमट होत जाते, तसतसा प्रत्येक अंशामागे घनतेतला फरक वाढत जातो. ५ अंशांचे आणि १० अंशांचे पाणी यांच्या वजनात घनमीटरमागे पाव किलोच्या आसपास फरक असतो, तर २५ आणि ३० अंशांच्या पाण्यात तो जवळपास दीड किलो भरतो. त्यामुळे सह्याद्रीतल्या धरणांत चार-पाच अंशांचा फरकही थर पक्के करायला पुरेसा ठरतो. एप्रिलमध्ये पवनेच्या खोल भागात वरचे पाणी २८-२९ अंशांवर असताना आठ-दहा मीटर खाली ते २३-२४ अंशांच्या घरात असू शकते. या दोन थरांमध्ये जिथे तापमान एकदम घसरते तो पट्टा डुबी मारणाऱ्याला स्पष्ट कळतो. पायाच्या बोटांना आधी गारवा लागतो, मग तो पोटऱ्यांपर्यंत चढतो आणि छातीशी मात्र पाणी अजून कोमटच असते.

काठावर पाय बुडवून घेतलेला अंदाज म्हणूनच अपुरा पडतो. उन्हाळ्याच्या दुपारी गुडघाभर पाणी खोल पाण्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त तापलेले असू शकते. तापमान मोजायचेच असेल तर साधा थर्मामीटर दोरीला बांधावा, शेजारी एक दगड बांधावा आणि काठापासून दूर, होडीतून किंवा पाण्यात शिरलेल्या खडकावरून, एक हात खोल आणि मग दोन पुरुष खोल सोडून पाहावा. वर ओढताना पारा पुन्हा चढतो. तो चढू नये म्हणून थर्मामीटर तोंड उघडे ठेवलेल्या छोट्या बाटलीत बसवतात. बाटली खालच्या पाण्याने भरते आणि वर येईपर्यंत ते पाणी तसेच राहते. दोन-तीन मिनिटे खाली राहू द्यावा, तेवढे पुरते. आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच वेळी केलेली नोंद वर्षभरात फार मोलाची होते, कारण पवनेच्या पाण्याचे रोजचे तापमान कुठे फलकावर लावलेले नसते.

धरणाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मृगाचा पाऊस पडला की आकाश झाकोळते, ऊन थांबते आणि वरचे कोमट पाणी निवायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ते २४ ते २६ अंशांवर येऊन स्थिरावते. आकड्यावर पाहिले तर हे तापमान पोहण्यासाठी उत्तम. बंदिस्त तलावांतल्या स्पर्धांसाठीही पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. तरीही हेच महिने सर्वांत वाईट, आणि त्याची कारणे तापमानात नाहीत. डोंगरावरून येणारे ओढे लाल-तपकिरी पाणी घेऊन येतात. त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला तर बोटे दिसत नाहीत. पातळी एका रात्रीत वर येते आणि कालपर्यंत कोरडी असलेली कुंपणे, तारा, झुडपे, खड्डे सगळे पाण्याखाली जाते. ओढ्याच्या मुखाशी येणारे पाणी जलाशयातल्या पाण्यापेक्षा गार आणि गढूळ, म्हणून जड असते. ते पृष्ठभागावर पसरण्याऐवजी तळाच्या उताराने खाली घुसते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली अशी धार चाललेली असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहायला उतरलेले नव्हते. ओढ्याच्या मधोमध उभे असताना पाणी वाढत गेले. पावसाळ्यात वाहत्या पाण्यापासून आणि त्याच्या मुखापासून लांब राहावे, हे सांगायला तापमानाचा तक्ता लागत नाही.

धरण भरत आले की दरवाज्यांतून विसर्ग सुरू होतो. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले यात सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेकचा विसर्ग वर्तमानपत्रात छोटा आकडा वाटतो, पण तो दर सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे रस्त्यावरचे दोन-तीन मोठे टँकर भरतील इतका असतो. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात त्या दिवसांत कुणीच उतरू नये. भोंगा ऐकू आला तर सामान सोडून आधी वर यावे. भिजलेली पिशवी पुन्हा मिळते.

हस्ताचा पाऊस ओसरला की गाळ बसायला लागतो. ऑक्टोबर हीटच्या उन्हाने वरचे पाणी पुन्हा २६-२७ अंशांपर्यंत चढते, धरण काठोकाठ भरलेले असते, वारा मंद असतो. कोजागिरीपासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंतचा काळ पवनेत पोहण्यासाठी वर्षातला पहिला चांगला काळ होय. पाणी भरलेले असल्यामुळे काठ गवताळ आणि घट्ट जमिनीवर असतो, चिखलात रुतण्याचा त्रास नसतो. धोका एकच, पण खरा. भरलेल्या धरणात काठ उतरता नसून पायऱ्यांचा असतो. मावळातली शेती म्हणजे भाताची खाचरे, आणि जलाशयाच्या कडेची जुनी खाचरे बांधांसकट पाण्याखाली गेलेली असतात. माणूस गुडघाभर पाण्यातून निवांत चालत असतो. पायाखाली सपाट, मऊ जमीन लागते. तो बांधावर चढतो, पाणी उलट घोट्यापर्यंत येते आणि हायसे वाटते. पुढचे पाऊल बांधाच्या पलीकडे पडते. खालचे खाचर पुरुषभर खाली असले, तर त्या एका पावलात पाणी डोक्यावरून जाते. पोहता न येणारे अनेक लोक असेच बुडतात. खोल पाण्यात झेपावून नव्हे, उथळ पाण्यात चालता चालता. उतरायच्या जागी आधी लांब काठीने तळ चाचपावा आणि मुलांना चाचपलेल्या पट्ट्याबाहेर जाऊ देऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जलाशयावरून वाफ उठताना दिसते. पाणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी कोमट असल्याची ती खूण. हात घातला तर पाणी उबदार लागते आणि लोक बेसावध होतात. ते पाणी २० ते २२ अंशांचे असते. माणसाचे शरीर ३७ अंशांचे, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. २२ अंशांच्या हवेत माणूस सदऱ्यावर दिवसभर बसू शकतो, पण २२ अंशांच्या पाण्यात सडपातळ माणूस अर्ध्या-पाऊण तासात कुडकुडायला लागतो. मुले त्याहून लवकर गारठतात, कारण त्यांच्या वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. ओठ निळसर दिसणे, दात वाजणे, बोलताना जीभ जड होणे, बोटे जुळवता न येणे, या खुणा दिसल्या की पाण्याबाहेर यायचे. अजून एक फेरी मारू, असे म्हणायची ती वेळ नसते.

युरोप-अमेरिकेतल्या तलावांबद्दल वाचलेले इथे जसेच्या तसे लावू नये. तिकडे १५ अंशांखालच्या पाण्यात उडी घेताच श्वास अडकतो, धाप लागते, छातीचे ठोके बेभान होतात आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांतच जीव जाऊ शकतो. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाणी १६ अंशांहून कमी नसावे असा नियम आहे, आणि १८ अंशांखाली अंगभर रबरी पोशाख सक्तीचा असतो. पवना इतकी गार कधी होत नाही. पण त्याच धक्क्याचा सौम्य प्रकार इथेही घडतो, विशेषतः एप्रिलच्या भर दुपारी, किल्ला उतरून घामाने निथळत आलेल्या माणसाने थेट सूर मारला की. अंगाची कातडी तापलेली, पाणी तिच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी गार. पहिला श्वास आपोआप, मोठा आणि नको त्या क्षणी घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. आधी दहा मिनिटे सावलीत बसावे, हातपाय, मान आणि छाती ओली करावी आणि मग पायाकडून उतरावे. विहिरीवर पोहायला शिकवणारी जुनी माणसे मुलाला उतरण्याआधी अंगावर पाणी मारायला लावत, त्यात हेच शहाणपण होते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी हिवाळ्यातल्या पहाटेचे पोहणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

हिवाळ्यात पोहायचेच असेल तर सकाळी दहानंतर, उन्हात, वीस मिनिटांच्या आत आटोपावे. बाहेर आल्यावर गारठा वाढतो, कारण ओल्या अंगावरून वारा उष्णता ओढून नेतो आणि हातापायांतले गार रक्त छातीकडे परतू लागते. बाहेर आल्यावर पंधरा मिनिटांनी सर्वाधिक थंडी वाजते, ती यामुळे. टॉवेल, कोरडे कपडे, कानटोपी आणि गरम चहा काठावर तयार असावा. अंग चोळून गरम करण्यापेक्षा कोरडे करून गुंडाळून बसणे बरे. चहाऐवजी दारू घेतली तर कातडीकडे रक्त धावते, ऊब आल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात शरीर आणखी निवते.

दारूबद्दल स्पष्टच लिहायला हवे. पवनेच्या काठावर थंडीच्या मोसमात तंबूंची वस्ती पडते. रात्री शेकोटी, जेवण, पेय आणि मग कुणीतरी पाण्यात उतरायची कल्पना काढतो. दारूने हातपाय सैल पडतात, अंतराचा अंदाज चुकतो, धाडस वाढते. शिवाय अंधारात बुडणारा माणूस दिसत नाही. बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते आणि मिळेल तेवढा वेळ श्वासात जातो. हाका मारायला हवा उरत नाही. सूर्यास्तानंतर आणि प्यायल्यानंतर पाण्यात जाऊ नये, यात अपवाद नाहीत. पोहण्यात तरबेज असलेल्यांनाही नाहीत.

जानेवारीत वरचे पाणी तळाच्या पाण्याइतके गार झाले की थर मोडतात आणि वाऱ्याने सारा जलाशय वरपासून खालपर्यंत ढवळला जातो. तळाशी कुजलेला पाला आणि गाळ असेल तर काही दिवस पाण्याला कुबट वास येतो. तो निघून जातो. फेब्रुवारीपासून पाणी पुन्हा तापू लागते, गाळ पूर्ण बसलेला असतो आणि पाणी वर्षातले सर्वांत नितळ असते. मध्य फेब्रुवारी ते मार्चअखेर हा पोहण्याचा दुसरा आणि अधिक चांगला काळ मानायला हरकत नाही. पाणी २३ ते २७ अंश, वारा सकाळी पडलेला, तळ बऱ्याच ठिकाणी दिसणारा. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्यांसाठी हे दिवस उत्तम.

समुद्रात पोहायला शिकलेल्यांनी एक लक्षात ठेवावे. समुद्राच्या पाण्याचे लिटरमागे वजन १.०२५ किलोच्या आसपास, गोड्या पाण्याचे एक किलोहून किंचित कमी. मालवण किंवा अलिबागच्या पाण्यात ज्याचे शरीर सहज तरंगते, त्याचे पाय पवनेत खाली ओढल्यासारखे वाटतात आणि तेवढ्याच अंतराला जास्त दम लागतो. समुद्रातला आपला पल्ला इथे निम्म्यावर आणून सुरुवात करावी. पाण्यावरचे अंतर डोळ्यांना फसवते, कारण मध्ये झाड, घर, माणूस असे काहीच मोजमापाला नसते. हाकेच्या अंतरावर दिसणारा समोरचा काठ अर्धा किलोमीटर असू शकतो, आणि निम्म्यावर पोचल्यावर परत फिरणेही तेवढेच लांब पडते. काठाला समांतर पोहावे, समोरच्या काठाकडे नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी २८ ते ३० अंशांवर जाते. उन्हाने तापलेल्या शरीराला ते सुखाचे वाटते, पण जोरात पोहणाऱ्याला पाणी जास्त कोमट असणेही अपायकारक. पाण्यात पोहणाऱ्यालाही घाम येतो. तो दिसत नाही आणि वाळतही नाही, म्हणून शरीर निवत नाही. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा येथे १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचे फ्रॅन क्रिपेन यांचा मृत्यू झाला. त्यानंतर खुल्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा ठरली. मे महिन्यात लांब पोहायचे असेल तर सकाळी आठपर्यंत संपवावे आणि तहान नसली तरी आधी पाणी प्यावे.

याच महिन्यांत पातळी तळाला गेलेली असते. साठा बऱ्याच वर्षी चौथाईच्या आसपास किंवा त्याखाली येतो. पाण्याखाली असलेले वाघेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. मंदिराभोवतीचे पाणी उथळ दिसते, पण तिथे जुन्या बांधकामाचे दगड, खड्डे आणि ओली माती असते. उघड्या पडलेल्या तळावर उन्हाने वरची साय वाळून तिला भेगा पडतात, ती चालण्याजोगी दिसते. पाण्यापासून दहा-वीस पावलांवर ती साय पायाखाली फुटते आणि पाय गुडघ्यापर्यंत काळ्या गाळात जातो. ओढून काढायला गेले की दुसरा पाय आणखी खोल रुततो. अशा वेळी उभे राहून झगडू नये. पाठीवर किंवा पोटावर आडवे व्हावे, वजन पसरू द्यावे आणि एकेक पाय हळूहळू मोकळा करून घट्ट जमिनीकडे सरकावे. मे महिन्यात खडकाळ किंवा मुरमाड काठावरूनच उतरावे.

दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. तो वरचे कोमट पाणी पूर्वेच्या बाजूला, भिंतीकडे लोटतो, आणि पश्चिमेच्या काठाला खालचे गार पाणी वर येते. एकाच दिवशी दोन काठांवर दोन-तीन अंशांचा फरक पडतो तो यामुळे. वाऱ्याच्या दिशेने पोहत जाणे सोपे असते आणि परतणे कठीण. सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध करावी. वळिवाचा वारा तर काही मिनिटांत येतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आभाळ काळवंडले, वारा एकदम पडला किंवा मातीचा वास आला, की पाण्याबाहेर पडायचे. विजेचा कडकडाट ऐकू येण्याची वाट पाहू नये.

मासेमारांची जाळी हा वर्षभराचा विषय आहे. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले, तर त्यांच्या खाली जाळे लोंबते आहे असे समजावे. बारीक नायलॉनचा दोरा पाण्यात दिसत नाही. पाय अडकला तर लाथा मारल्याने तो आणखी आवळतो. थांबून, श्वास घेऊन, हाताने सोडवावा. सकाळी जाळी काढायला येणाऱ्या होडीवाल्याला विचारले तर जाळी कुठे आहेत, तळ कुठे खडकाळ आहे, कुठली जागा घातकी आहे, हे सगळे तो सांगतो. नकाशात न सापडणारी ही माहिती त्याच्याकडून मिळते आणि ती ऐकून घ्यावी.

पाण्याच्या शुद्धतेचाही ऋतूंशी संबंध आहे. पावसाळ्यात गुरांच्या आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेले पाणी ओढ्यांतून येते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नये. पोहून आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे असे झाले, तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगावे. उन्हाळ्यात साचलेल्या, कोमट पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर ते निळे-हिरवे शेवाळ असते. त्याच्या काही जाती विषारी असतात. अशा पाण्यात माणसांनी जाऊ नये आणि कुत्र्यांनाही जाऊ देऊ नये. उजनीसारख्या, वरच्या शहरांचे सांडपाणी येणाऱ्या जलाशयांत हा प्रकार पवनेपेक्षा जास्त. कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत पोचणारा एक अमीबाही असतो. त्याचा आजार अत्यंत विरळा पण बहुतेकदा प्राणघातक. केरळात अलीकडच्या वर्षांत त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो पाणी प्यायल्याने होत नाही, नाकात जोराने पाणी शिरल्याने होतो. उन्हाळ्यात उथळ, गढूळ पाण्यात तळ ढवळत डुंबू नये आणि नाकाला चिमटा लावावा.

पोहता न येणाऱ्यांसाठी जलाशय ही शिकायची जागा नाही. गावाकडे पाठीला डबा, सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे ओंडके बांधून मुले विहिरीत शिकत, पण विहिरीला चार भिंती असतात आणि वर कुणीतरी उभे असते. फुगवलेली ट्यूब वाऱ्याने लांब जाते आणि हातातून निसटते. मापाचे, बंद बांधलेले लाइफ जॅकेट हेच खरे साधन. पोहता येणाऱ्यांनीही कमरेला दोरीने बांधलेला भडक रंगाचा फुगा मागे ओढत पोहावे. तो होडीवाल्यांना दिसतो आणि दम लागल्यावर धरायला होतो. पायात गोळा आला तर उताणे व्हावे, पायाचा अंगठा नडगीकडे ओढावा आणि गोळा जाईपर्यंत हातांनी तरंगत राहावे. एकट्याने कधी पोहू नये, आणि काठावर एक माणूस असा असावा की ज्याचे काम फक्त पाहत राहणे आहे, मोबाइलवर चित्रण करणे नव्हे.

कुणी बुडताना दिसले तर त्याच्यामागे उडी घेण्याची ओढ प्रत्येकाला होते. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बुडणारा हाताला लागेल त्याला घट्ट मिठी मारतो. आधी ओरडून लोक जमवावेत, एकाने ११२ वर फोन करावा आणि काठावरूनच काठी, दोरी, ओढणी, एकमेकांना बांधलेले टॉवेल किंवा बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन त्याच्याकडे फेकावा. कॅनमध्ये थोडे पाणी ठेवले तर तो लांबवर नेमका जातो. होडी जवळ असेल तर तीच पाठवावी. माणूस दिसेनासा झाला असेल तर तो शेवटचा जिथे दिसला त्या जागेची काठावरच्या दोन खुणांशी रेघ धरून ठेवावी. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेसारखी बचाव पथके येतात तेव्हा ती हीच गोष्ट पहिल्यांदा विचारतात.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोटावर दाबून पाणी काढणे, खांद्यावर टाकून पळणे, हे सगळे अजून सर्रास केले जाते आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. तो श्वास घेत नसेल तर सपाट जागी उताणा ठेवावा, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मधोमध तीस वेळा दाबून पुन्हा दोन श्वास, असे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. तोंडातून फेस किंवा पाणी आले तर मान वळवून पुसावे, पण थांबू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून, ओले कपडे काढून, कोरड्या कपड्यात गुंडाळावे. शुद्धीवर आलेला माणूस ‘आता बरा आहे’ म्हणून घरी जायचा आग्रह धरतो. छातीत थोडेसे पाणी गेले असले तरी काही तासांनी श्वास लागू शकतो, म्हणून त्याला १०८ च्या गाडीने रुग्णालयात नेऊन डॉक्टर सांगतील तोपर्यंत देखरेखीखाली ठेवावे.